सव्वा मूठ गहू

माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरी सगळ्यांना सांगण्यात आलं होतं, की मुलगा कंपनीत आहे. खोटं नव्हतं ते. कंपनी होती, तिचा रबरी शिक्का होता, आणि बुऱ्हाणपूरहून बहादरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेताच्या तोंडाशी, कुलदेवीच्या नावापुढे 'ॲग्रो कंपनी' असं लिहिलेला पत्र्याचा बोर्डसुद्धा होता. फक्त त्या कंपनीत माझे सासरे, चुलतसासरे, नवरा आणि दोन बैल एवढीच मंडळी आहे, हे मला वैशाखात माप ओलांडल्यावर कळलं. बैलांना मी मंडळीत धरते, कारण कामावर वेळेवर हजर राहणारे तेवढेच होते.

ती वर्षंच तशी होती. बाजार नुकता उघडला होता. गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या आणि आता आपला तापीकाठ सगळ्या जगाला जोडला जाणार, असं पानाच्या टपरीवरसुद्धा लोक बोलत. आमच्या भागात केळी आणि कापूस सोडून तिसरं काही लावलं की लोक तब्येत विचारायला यायचे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एकदम दोन गोष्टी लावल्या. एक बियाण्याचा मका, आणि दुसरी बोटाएवढी काकडी. ही काकडी मिठाच्या पाण्यात बुडवून निळ्या ड्रमांत भरायची, मग ती ट्रकनं बंदरावर आणि तिथून बोटीनं कुठल्या तरी थंड देशात जायची. तिकडचे लोक ती बरणीत घालून पावाबरोबर खातात म्हणे. "काकडी पावाबरोबर?" असं माझ्या सासूबाईंनी इतक्या वेळा विचारलं, की शेवटी आबांनी उत्तर देणंच सोडून दिलं.

काकडीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.कॉम. होते. बी.कॉम.चा आणि काकडीचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. काकडीचा नियम एकच होता. बोटाएवढी झाली की त्याच सकाळी तोडायची. एक दिवस राहिली तर ती अंगठ्याएवढी होते, दोन दिवस राहिली तर मनगटाएवढी, आणि मग तिला बरणीत जागा नाही, बोटीत नाही, कुठेच नाही. आणि माझ्या सासूबाईंचा तर जीवच व्हायचा नाही ती तोडायला.

"माय वो, अजून तिच्या बुडाचं फूल गळालं नाही, आणि तोडायची? लेकरू आहे ते!"

"आई, ते लेकरूच पाहिजे आहे त्यांना."

"मंग कसाई म्हण त्यांना."

मी पुढे तोडत जायची आणि त्या माझ्या मागून पानं सरळ करत, झाकत, लपवत यायच्या. दोन दिवसांनी त्याच पानांखालून अशा दांडग्या काकड्या निघायच्या, की बघून मला रडू यायचं आणि सासूबाईंना कौतुक. "पाय, कशी भरली!" म्हणत त्या मला दाखवायच्या. पहिल्या महिन्यात आमच्या मालातला मोठा भाग परत आला. घरात कोशिंबीर, थालीपीठ, वड्या, पुन्हा कोशिंबीर. बैलसुद्धा काकडी दिसली की मान फिरवायला लागले.

ह्या सगळ्यामुळे तात्या, म्हणजे माझे चुलतसासरे, वैतागून गेले होते. मनाचा मोठा माणूस, पण सगळ्या कामात घाई, आणि सगळ्या प्रश्नांना त्यांचं उत्तर केळी. पाऊस कमी झाला, केळी. पाऊस जास्त झाला, केळी. मला एकदा ताप आला तेव्हाही त्यांनी केळीच आणली. त्यांचं म्हणणं होतं, की काकडीनं अब्रू घालवलीच आहे, आता तो मक्याचा तुकडा तरी मोकळा करा, केळीची ती नवी, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं सांगून ठेवतो.

आणि तो मक्याचा तुकडा होता आत्याचा.

आत्या म्हणजे आबांची धाकटी आणि तात्यांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली होती आणि परत आली होती. का परत आली, ते घरात कोणी बोलत नसे. मी नवी, तोंडाची फटकळ, एकदा विचारलंच. ती म्हणाली, "जमलं नाही." भाजीत मीठ जास्त झालं हे सांगावं, तशा आवाजात. परत आल्यापासून ती वीस-बावीस वर्षं ह्या घरात भाकरी थापत होती. तापीकाठचे तीन एकर मक्यासाठी काढले तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. "हे मला करू द्या," म्हणाली. आबा हो म्हणाले. तात्या म्हणाले, "एक हंगाम. बियाणं घेणाऱ्या कंपनीनं प्लॉट पास केला तर ते शेत तुझ्या हाती, मी तोंड उघडणार नाही. नाही झाला तर केळी." आणि केळी म्हणजे आत्या पुन्हा चुलीपाशी, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

बियाण्याच्या मक्याची गंमत सांगते. त्यात नराच्या ओळी वेगळ्या आणि मादीच्या ओळी वेगळ्या. सहा ओळी मादीच्या, मग दोन नराच्या, पुन्हा सहा, पुन्हा दोन. मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो आणि त्यातून पिवळी भुकटी उडते. मादीच्या ओळींतला तुरा बाहेर डोकावला रे डोकावला, की उपटून टाकायचा. नराचा तेवढा ठेवायचा. म्हणजे नराची भुकटी मादीच्या कणसावर पडते आणि पाहिजे ते बी तयार होतं. मादीचा एखादा तुरा राहून गेला तर बी भेसळ होतं आणि प्लॉट बाद. हे मला आत्यानं समजावलं तेव्हा मी म्हटलं, "अय्या, म्हणजे इथेही तुरा मिरवायचा तो नरानंच का?" आत्या इतकी हसली, की तिला बांधावर बसावं लागलं.

मका दिसायला सगळा सारखाच. म्हणून नराच्या ओळी ओळखू याव्यात ह्यासाठी त्यांतल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही तोंडांना आत्यानं झेंडू लावला होता. झेंडू दिसला की ती ओळ सोडायची, एवढं सोपं. शिवाय तिनं आणखी एक केलं होतं. नराच्या दोन ओळींतली एक वेळेवर पेरली आणि दुसरी आठवड्यानं मागाहून, म्हणजे एकाची भुकटी संपत आली की दुसऱ्याची सुरू व्हावी. ती मागची ओळ बारकी, खुजी दिसायची. तात्या येता-जाता टोमणा मारायचे. "ताई, इथं बी पेरायचं विसरली होती का तू? का उपाशी ठेवू राह्यली यांना?" आत्या म्हणायची, "तू तुझी केळी पाय."

श्रावण लागला. नराच्या आधी पेरलेल्या ओळींचे तुरे पूर्ण निघाले होते, मादीचे डोकावत होते, आणि अशा ऐन धामधुमीत आमच्याकडे कानबाई आली.

आमच्या खान्देशी मुलखात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. ही देवी. नारळाला दागिने घालून, मखर सजवून बसवतात आणि सोमवारी नदीवर वाजतगाजत नेतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचेच रोट करायचे, आणि ते खायचे फक्त कुळातल्यांनी. बाहेरच्याला तुकडा चालत नाही. लग्न होऊन गेलेली लेक बाहेरची. घरात आलेली सून आतली.

म्हणजे वैशाखात टपकलेली मी, जिला ह्या घरातलं मीठ कुठल्या डब्यात आहे तेही नीट ठाऊक नव्हतं, ती पाटावर बसून रोट खाणार, आणि ह्याच घरात जन्मलेली आत्या नाही. तिच्या सासरीही कानबाई बसायची, पण तिकडे ती जात नव्हती. ना इकडचा रोट, ना तिकडचा. माझ्या ताटात पहिला रोट पडला तेव्हा मला राग आला, खरंच सांगते. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी होती, खीर होती, आणि रोट अळणी, कारण आमच्याकडे रोटात मीठ घालत नाहीत. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आई, आत्या?" त्या म्हणाल्या, "ती शेतात जाते ना दर वर्षी ह्या टायमाला." जणू आत्याला ह्याच वेळी शेतात जायची हौस होती.

त्या वर्षी मात्र ती शेतात गेली नाही. काकडीला सणवार कळत नाही; रविवारी ती घरामागे ड्रम भरत होती, आणि ट्रक नेमका सोमवारीच आला. विसर्जन करून आम्ही तापीवरून परतलो, रोटाची दुसरी पंगत बसली, आणि आत्या ड्रम चढवून घेत ट्रकपाशी उभी होती. मी माझ्या वाट्याचा रोट भराभर संपवला, हात धुतले आणि तिच्याबरोबर ट्रकमध्ये चढले. कागदं माझ्याकडे होती, हे निमित्त.

बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्याजवळच्या वजनकाट्यावर भली मोठी रांग होती. गल्लीतून कापडाच्या पॉवरलूमचा खडखडाट येत होता. ड्रायव्हर चहाला गेला आणि आम्ही दोघी केबिनमध्ये बसलो. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"कशाचं?"

"रोटाचं."

ती समोर बघत म्हणाली, "पहिली दोन-चार वर्षं वाटलं. मंग मी त्या टायमाला काम काढायला शिकली." मग म्हणाली, "रोटाचं जाऊ दे गं. हा मका पास झाला पायजे. मला पुन्हा त्या चुलीसमोर नाही बसायचं. मेली तरी नाही." मग लगेच मला कोपर मारलं, "आणि तू त्या तुझ्या सासूला एक तर काकडीच्या रानातून काढ, नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांध तिच्या." आम्ही हसत बसलो. त्या वेळी शेतात काय चाललं होतं, ते आम्हाला कळलं असतं तर ट्रक तसाच टाकून पळालो असतो.

शेतात तात्यांना प्रेमाचा उमाळा आला होता.

झालं असं. शनिवारी मखराला फुलं कमी पडली. बुऱ्हाणपूरच्या बाजारात सणाचा भाव. तात्या म्हणाले, आपल्या शेतात एवढा झेंडू उभा आहे, आणि विकत कशाला? त्यांना वाटलं, ताईनं कानबाईसाठीच लावलाय. ते पहाटे गेले आणि झाडंच्या झाडं उपटून घेऊन आले, कारण मखराच्या खांबांना फुलांसकट पाला शोभतो. रविवारी मखर काय दिसलं म्हणता! आत्यानं मात्र ते पाहिलंच नाही. कानबाई बसते त्या खोलीत ती पाऊल टाकत नसे.

आणि सोमवारी रोटाच्या पंगतीनंतर भाऊबंद ओसरीवर लोळत पडले असताना तात्या म्हणाले, "भो, आपण सगळे जेवलो. माझी बहीण उपाशी गाडीवर गेली. तिचे ते तुरे उपटायचे राहिले आहेत, मजूर सणाला गेले. चला, तिच्या यायच्या आधी सगळं रान साफ करून टाकू. खूश होऊन जाईल बिचारी." पोटात रोट, मनात माया, आणि केळीवाले सगळे. मक्यात नर-मादी असते हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. तात्यांनी झेंडूबद्दल कधी ऐकलं असेल तर ते ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. तीस-चाळीस माणसं गाणी म्हणत रानात शिरली आणि दिसेल तो तुरा उपटत पलीकडच्या बांधाला निघाली.

आम्ही संध्याकाळी ऑटोनं परत आलो. बोर्डापाशी सगळे रांगेनं उभे होते, पाहुण्यांच्या स्वागताला उभे राहतात तसे. तात्या मधोमध. "ताई, डोळे मिट. आता उघड. पाय!"

आत्यानं पाहिलं. तीन एकर मका, आणि शेंड्याला एक तुरा नाही. बांधावर तुऱ्यांचा हा एवढा ढीग. ती ओळीच्या तोंडाशी गेली, खाली बघितलं. झेंडूच्या जागी खड्डा. दुसऱ्या ओळीशी गेली. खड्डा.

"झेंडू?" ती म्हणाली.

"कानबाईला वाहिला," तात्या म्हणाले. "तुझ्या नावानं."

"तात्या," आत्या एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू सगळे नर उपटले रे."

कोणालाच काही कळलं नाही. मला कळलं. मी तात्यांना सासरा-बिसरा न मानता सरळ सांगितलं, की मादीला लागणारी भुकटी तुम्ही ढिगात घातलीत, आता कणसांत दाणाच भरणार नाही, प्लॉट गेला. तात्यांचा चेहरा असा पडला, की माझा राग अर्ध्यावरच थांबला. तो दांडगा माणूस बांधावर मटकन बसला आणि म्हणाला, "केळीसाठी नाही केलं गं ताई. आईची आण. तुला खूश करायला गेलो." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. भाऊबंद एकेक करून चपला शोधायला लागले.

आत्या रडली नाही. ओरडलीही नाही. ती वाकून मक्यात शिरली. बराच वेळ नुसती पानांची सळसळ ऐकू येत होती. मी मागोमाग गेले. ती त्या मागाहून पेरलेल्या खुज्या ओळीत उभी होती, एका झाडाच्या शेंड्याचा पोंगा दोन बोटांनी उकलून आत बघत होती. आत तुरा होता. पानांत गुंडाळलेला, अजून बाहेर न आलेला. बाहेर आलाच नव्हता म्हणून भाऊबंदांना दिसला नव्हता, आणि दिसला नव्हता म्हणून वाचला होता. तिनं पुढचं झाड बघितलं. त्याच्याही पोटात तुरा. त्याच्या पुढच्याही.

"अर्धे नर आहेत गं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. मी तिला घट्ट धरलं. मक्याची पानं गालाला कापत होती, पण सुचतंय कोणाला?

प्रश्न सुटला नव्हता. ते तुरे निघायला तीन-चार दिवस होते, आणि मादीच्या कणसांचे केस बाहेर पडायला लागले होते. भुकटी निम्मी, कणसं तेवढीच. वाऱ्यावर सोडली तर पुरणार नव्हती. आत्या बांधावर आली आणि चपला घालणाऱ्या भाऊबंदांना म्हणाली, "कुठं चालले? रोट खाल्ला ना? आता हातानं लग्नं लावायची आहेत. शुक्रवारी सकाळी सगळे इथं पायजेत."

तेवढ्यात, बुधवारी, बियाणं घेणाऱ्या कंपनीचे तपासणीचे साहेब आले. हा माणूस एका राहिलेल्या तुऱ्यासाठी प्लॉट बाद करायचा. तो रानातून फिरला आणि चकित झाला. "बाई, इतका स्वच्छ प्लॉट मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही! एक तुरा नाही!" मग साहेब थबकले. मान वळवून पुन्हा सगळीकडे बघितलं. "पण... नर कुठे आहेत?"

आत्या म्हणाली, "तात्या, साहेब विचारू राह्यले, नर कुठे आहेत?"

तात्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. साहेबांना सगळं सांगावं लागलं. हसावं की रागवावं, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, शुद्धतेला माझी हरकत नाही, पण दाणा भरला तरच बी घेणार. कापणीला बघतो.

शुक्रवारी सकाळी दव सुकल्यावर सगळे जमले. भुकटी धरायला कागदी पिशव्या पाहिजे होत्या. इतक्या पिशव्या कुठून आणणार? मला आठवलं, माझ्या लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं खोकंभर उरली होती. लाल, वर सोनेरी गणपती. ती आणली. तुरा वाकवायचा, पाकिटात झटकायचा, आणि जाऊन ती भुकटी मादीच्या कणसाच्या केसांवर भुरभुरवायची. दुसरा तुरा, दुसरं पाकीट. तीस-चाळीस मिशीवाले पुरुष माझ्या लग्नाची पाकिटं हातात धरून मक्यातून हिंडत होते. "ही झाली का?" "झाली, झाली, पुढची." "अरे, तिच्यावर दोनदा नको टाकू भो, दुसरीला पुरव." सासूबाई फार खूश. इथे कुणाला कोवळं तोडायचं नव्हतं. त्या प्रत्येक कणसावर हळद लावावी तशी भुकटी लावत होत्या आणि वर "सुखी राहा" म्हणत होत्या.

पुढचे पाच-सहा दिवस रोज सकाळी हेच चाललं. तात्या सगळ्यांत आधी यायचे आणि सगळ्यांत शेवटी जायचे. एका सकाळी मी बघितलं, केसांत, भुवयांत, मिशीत पिवळी भुकटी, आणि ते खुज्या ओळीतल्या एका झाडाशी बोलत होते. "माफ कर बाप्पा," म्हणत होते, "तुला उपाशी म्हटलं होतं मी." मी न दिसल्यासारखं केलं. नशीब आमचं, पावसानं त्या सगळ्या दिवसांत सकाळी उघडीप दिली.

मग वाट बघायची. आत्या रोज एका कणसाचं टोक सोलून बघायची आणि काही न बोलता बंद करायची. मला वाटतं, त्या दिवसांत ती जेवत नव्हती, नुसतं ताटावर बसत होती. कापणीला साहेब आले. कणसं सोलली. काही कणसं अशी, की म्हाताऱ्याच्या तोंडासारखी, मधूनच दात गायब. पण बरीचशी भरली होती. साहेबांनी इकडची-तिकडची कणसं सोलून पाहिली, दाणा दाताखाली धरून पाहिला, नमुना पिशवीत भरला आणि नेला. काही दिवसांनी एसटीडीवाल्याच्या पोरानं निरोप आणला. पास. माल थोडा कमी, पण पास.

आत्या तेव्हा भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ही उलथ," आणि रानात निघून गेली. ती त्या चुलीपुढे पुन्हा बसली नाही. भाकरी करपली, आणि त्या दिवसापासून भाकरी माझ्या गळ्यात पडली, ते वेगळं. तात्यांनी शब्द पाळला. केळी म्हणून तोंडातून काढलं नाही, निदान तिच्या शेताबद्दल तरी.

पुढच्या श्रावणात पुन्हा कानबाई. मखराला बाजारातली फुलं आली. आत्याच्या झेंडूकडे बघायचीही कोणाची टाप नव्हती. शनिवारी ओसरीवर रोटाचे गहू मोजायला बसले. मोजायचं काम तात्यांचं. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, सव्वा मूठ सुपात टाकायची. आबांचं झालं, त्यांचं स्वतःचं झालं, माझ्या नवऱ्याचं झालं, भाऊबंदांतल्या पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांचं झालं. आणि मग तात्यांनी आणखी एक मूठ भरली, वर पाव मूठ, आणि काही नाव न घेता सुपात टाकली.

आबा म्हणाले, "ही कोणाची?"

"चुकून पडली," तात्या म्हणाले.

"मग काढ."

तात्यांनी सूप दोनदा घोळलं. "आता कशी काढू भो? मिसळले सगळे. ह्यातला कोणता कोणाचा, कसं ओळखू? मला तर मक्यातलेही ओळखू आले नव्हते."

आत्या दारात उभी होती, हातात विळा, रानात निघालेली. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. आबांनी सुपातले गहू बोटांनी चाळवून पाहिले. मग म्हणाले, "सूनबाई, ने. दळायला टाक." मी सूप उचललं. जाताना मी तात्यांच्या पाया पडले. ते दचकून म्हणाले, "आता काय झालं?"

रविवारी पंगतीत माझ्या शेजारी एक पाट जास्त होता. आत्याला मी हाताला धरून आणलं. ती म्हणत होती, "मला काम आहे गं, पाणी सोडायचं आहे." मी म्हटलं, "पाणी हे सोडतील." ती बसली. सासूबाईंनी तिच्या ताटात रोट वाढला, खीर वाढली. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता थांबली.

"यात मीठच नाही," ती म्हणाली.

"रोटात मीठ नसतं ना, ताई," समोरून तात्या म्हणाले.

"हो का?" आत्या म्हणाली. "मी विसरलीच होती."